तळघरातले लाल दिव्याचे साहेब

अमेरिकेत घर घ्यायला निघालेल्या मराठी माणसाची तपासणी कडक असते. शाळेला दहापैकी किती गुण आहेत, देव्हारा ईशान्येला बसतो का, शेगडीवरचा पंखा फोडणीचा धूर घराबाहेर टाकतो की गाळून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतो, हे सगळं तो बघून घेतो. बेसमेंटमध्ये उतरला की गणपतीत तिथे एका पंगतीला किती पानं बसतील याचा अंदाज घेतो. त्याच बेसमेंटच्या कोपऱ्यात पत्र्याचं एक उभं कपाट असतं. त्यातून जाडजूड नळ निघून छतात शिरलेले असतात. घर दाखवणारी बाई म्हणते, "हा तुमचा फर्नेस." मराठी माणूस मान डोलावतो आणि विचारतो, "इथे जास्तीचा एक फ्रीज बसेल ना?"

या कपाटाशी त्याची खरी ओळख पुढे होते, आणि ती बहुधा रात्रीच होते. जानेवारी असतो. बाहेर शून्य फॅरनहाइट, म्हणजे आपलं उणे अठरा. पहाटे केव्हातरी घरातलं कोणीतरी जागं होऊन विचारतं, "गार वाटतंय का गं?" मग जमिनीतल्या जाळीवर हात धरला जातो. वारा येत असतो, पण गार. घरातला कर्ता पुरुष स्वेटरवर जॅकेट आणि जॅकेटवर बायकोची शाल चढवून बेसमेंटचा जिना उतरतो. तिथे अंधारात, त्या कपाटाच्या दारावरच्या रुपयाएवढ्या काचेआड, एक लाल दिवा लुकलुकत असतो.

भारतात मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. अमेरिकेच्या तळघरात मात्र एक लाल दिव्याचे साहेब अजून पदावर आहेत, आणि या क्षणी ते काहीतरी सांगत आहेत. ते काय सांगताहेत हे कळायचं तर आधी त्यांची कचेरी कशी चालते ते बघावं लागतं.

कचेरी आपल्या ओळखीचीच आहे. कारभार टेबलाटेबलानं चालतो आणि मागच्या टेबलाची सही असल्याशिवाय पुढचं टेबल कागदाला हात लावत नाही. अर्जदार म्हणजे वरच्या मजल्यावरच्या भिंतीवर बसलेला थर्मोस्टॅट. खोली ठरल्या आकड्यापेक्षा गार झाली की तो २४ व्होल्टच्या बारीक तारेवरून खाली अर्ज धाडतो : ऊब मिळावी, ही विनंती. ही अर्जाची सोय विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावच्या वॉरन जॉन्सन या शिक्षकामुळे झाली. थंडी किती पडली आहे हे बघायला शाळेचा शिपाई वर्गावर्गात डोकवायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करायचा. भर तासाला होणाऱ्या त्या व्यत्ययाला जॉन्सन कंटाळले, आणि वर्गात बसूनच खाली खबर देणारं विजेचं उपकरण त्यांनी तयार केलं. १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. शिक्षकाच्या वैतागातून जगाचं भलं झाल्याचं हे एक ठळक उदाहरण.

अर्ज आला म्हणून साहेब, म्हणजे फर्नेसमधला सर्किट बोर्ड, लगेच ऊब मंजूर करत नाहीत. ते आधी पहिल्या टेबलाकडे बघतात. तिथे प्रेशर स्विच नावाचा कारकून बसतो. त्याची सहीची जागा कोरी आहे ना, याची खात्री केली जाते. काम सुरू होण्याआधीच सही होऊन बसलेली दिसली तर साहेब फाइल तिथेच थांबवतात. आपल्याकडे अशा सहीला कार्यक्षमता म्हणतात, पण तो वेगळा विषय. जागा कोरी असली की इंड्यूसर नावाचा छोटा पंखा सुरू होतो. मागच्या वेळचा उरलासुरला धूर आणि गॅस धुराड्यातून बाहेर ओढणं हे त्याचं काम. पंखा नुसताच गरगरत नाही, खरोखर ओढतो आहे, हे पटलं की प्रेशर स्विच सही करतो. मग इग्नायटर तापून नारिंगी होतो. मग गॅसची झडप उघडते. बर्नर पेटतात.

इथे तुम्हाआम्हाला वाटेल की काम झालं. पण आता फाइल सगळ्यात संशयी टेबलावर येते. फ्लेम सेन्सर म्हणजे ज्योतीत उभी केलेली धातूची एक साधी काडी. ज्योतीतून विजेचा अगदी क्षीण प्रवाह जाऊ शकतो, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका क्षीण. तो या काडीतून वाहिला तरच साहेब मानतात की जाळ लागला. नुसता डोळ्यांना दिसणारा जाळ कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही. काही सेकंदांत पुरावा आला नाही की गॅस बंद आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. सगळं जुळलं तर अर्ध्या-पाऊण मिनिटात मोठा पंखा सुरू होतो आणि ऊब वर निघते. या सगळ्यांवर लिमिट स्विच नावाचा लेखापरीक्षक नेमलेला असतो. आतली हवा प्रमाणाबाहेर तापली की तो कोणालाही न विचारता गॅस बंद करतो.

आता लाल दिव्याचा अर्थ लागतो. साहेब एवढंच सांगत असतात की फाइल अमुक टेबलावर अडली आहे. का अडली, हे ते सांगत नाहीत. त्यांना ते माहीतच नसतं. कोड ठिकाण दाखवतो, गुन्हेगार दाखवत नाही. फर्नेसबद्दलचं सगळं शहाणपण या एका वाक्यात मावतं, आणि आपले लोक नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं करतात.

मुळात कोड मोजण्यातच पहिली रात्र जाते. साध्या फर्नेसमध्ये दिवा तीनदा लुकलुकला की कोड तीन. पण कॅरियर आणि ब्रायंट या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलांत दोन आकडी कोड असतात : आधी आखूड लुकलुक, ती दशमस्थानी, मग लांब लुकलुक, ती एककस्थानी. तीन आखूड आणि एक लांब म्हणजे एकतीस. ज्या देशात आपली मुलं गणिताच्या स्पर्धा जिंकतात त्याच देशात त्यांचे आईबाप गार फरशीवर पालथे पडून एका भोकाला डोळा लावतात आणि "तीन आखूड की चार?" यावर भांडतात. नवऱ्याचं उत्तर एकतीस, बायकोचं बेचाळीस. मग दोघंही पुन्हा पहिल्यापासून मोजतात, कारण साहेब कोणासाठी थांबत नाहीत. अखेर चौदा वर्षांची मुलगी खाली येते, फोनवर दिव्याचा व्हिडिओ घेते, संथ गतीनं चालवून दाखवते आणि झोपायला जाते. फर्नेसबद्दल जगात दिल्या गेलेल्या सर्व सल्ल्यांत हा पहिल्या क्रमांकाचा आहे : आधी व्हिडिओ घ्या.

आधी घ्या असं म्हणण्याला कारण आहे. या कोडांची गुरुकिल्ली, म्हणजे कुठला आकडा कुठल्या टेबलाचा याचा तक्ता, फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. दार उघडलं की दारामागचा सुरक्षा स्विच सुटतो, वीज जाते आणि दिवा विझतो. अनेक जुन्या मॉडेलांत त्याबरोबर कोडही पुसला जातो. म्हणजे दार बंद असताना प्रश्न दिसतो पण उत्तर नाही, आणि दार उघडल्यावर उत्तर दिसतं पण प्रश्न उरत नाही. ज्यानं ही रचना केली तो आमच्या विद्यापीठात पेपर काढायला असता तर त्याचं फार नाव झालं असतं.

त्यात कंपन्यांचं एकमेकींशी पटत नाही. एका कंपनीत दिवा स्थिर असणं म्हणजे सगळं क्षेम. दुसऱ्या कंपनीत सावकाश लुकलुकणं म्हणजे क्षेम. एकीच्या 'एक'चा अर्थ जाळ लागला नाही म्हणून कचेरीला कुलूप. दुसरीचा 'एक' भलत्याच टेबलाचा. त्यामुळे "आमच्याकडे तीनदा लुकलुकला तेव्हा असं असं निघालं" हे शेजाऱ्याचं वाक्य, त्याचा आणि तुमचा फर्नेस एकाच कंपनीचा आणि एकाच घराण्यातला असल्याशिवाय, निव्वळ करमणुकीचं असतं. तरी ते बोललं जातं. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळापाठोपाठ हेच वाटलं जातं.

आता टेबलाटेबलाचे किस्से. पहिला, प्रेशर स्विचचा. कॅरियरच्या भाषेत एकतीस किंवा बत्तीस. कोड वाचून आपला माणूस काय करतो? रातोरात नवा प्रेशर स्विच मागवतो. इंजिनिअर आहे, सुटा भाग बदलता येतो, यूट्यूबवर एक टोपीवाला गृहस्थ चार मिनिटांत बदलून दाखवतो. नवा स्विच येतो, बसतो, आणि कोड तोच. कारण तो कारकून बहुधा प्रामाणिक असतो. धुराड्याला ओढ नव्हती, म्हणून त्यानं सही केली नाही. ओढ का नव्हती? नव्वद टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसचं धुराडं छपरावर नसतंच असं नाही, पण पुष्कळदा ते घराच्या भिंतीतून निघालेल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या नळीच्या रूपात असतं, जमिनीपासून थोड्याच उंचीवर. रात्री दोन फूट बर्फ पडला आणि ती नळी गाडली गेली. किंवा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना कर्त्या पुरुषानं तो मोठ्या उत्साहानं नेमका तिथेच रचला. दोष फावड्याचा, बदनामी स्विचची. कधी दोष पाण्याचाही असतो. हे कार्यक्षम फर्नेस धुरातली वाफही निववून तिची ऊब काढून घेतात, त्यामुळे त्यांना पाणी सुटतं. ते वाहून नेणारी नळी तुंबली की पाणी आत साठतं आणि सही अडते. म्हणून स्विच मागवण्याआधी बूट घालून घराला एक प्रदक्षिणा घालावी. सोबत फावडं न्यावं, आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी हातानं बर्फ मोकळा करावा. एक हवा आत घेणारी, एक धूर बाहेर सोडणारी.

दुसरा किस्सा लेखापरीक्षकाचा. तेहतीस नंबर. आतली हवा फार तापली म्हणून गॅस बंद, मोठा पंखा मात्र चालू, म्हणून जाळीतून गार वारा. आपला माणूस म्हणतो, "अरे, घर गारठलंय आणि हा म्हणतो फार तापलं?" दोन्ही खरं असतं. आतली ऊब बाहेर पडायला वाराच पुरेसा मिळत नाही, म्हणून पेटी तापते आणि घर गारठतं. वारा का नाही? इथे आरोपी क्रमांक एक म्हणजे फिल्टर. कधीकाळी पांढरा असलेला, आता पुण्यातल्या लकडी पुलावरून उन्हाळाभर फिरवून आणल्याच्या रंगाचा. साधा एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा असतो. आपण तो घर घेताना पाहिलेला असतो.

आणि बदलला तरी कसा? दुकानात फिल्टरवर मर्व नावाचा आकडा असतो. घरगुती फिल्टर साधारण आठ, अकरा, तेरा. पट्टी सोळापर्यंत. सोळापैकी आठ म्हणजे पन्नास टक्के. आपल्या घरात पन्नास टक्के आजवर कोणी आणलेले नाहीत, फिल्टरही आणणार नाही. म्हणून तेरा घेतला जातो. तो धूळ जास्त अडवतो हे खरं, पण एक इंची जाडीत तो पुष्कळदा वाराही जास्त अडवतो, आणि जुन्या फर्नेसच्या पंख्याला तो झेपेलच असं नाही. मग तेहतीस. घराला शिस्त लावायला आणलेला हुशार फिल्टर घर गार करून बसतो. आणि फिल्टरच्या कडेला बाण छापलेला असतो. तो वारा ज्या दिशेनं जातो त्या दिशेला, म्हणजे फर्नेसकडे, ठेवायचा. तो वर करून ठेवणारेही आहेत. बाण वर बघून त्यांना बरं वाटतं.

आरोपी क्रमांक दोन म्हणजे परतीच्या हवेची मोठी जाळी. घरातली हवा तिथून परत फर्नेसकडे जाते. आता मराठी घरात भिंतीलगतची मोकळी जागा फार काळ मोकळी राहू शकत नाही. तिथे तेवीस किलोच्या चार बॅगा उभ्या राहतात. त्यात पुढच्या खेपेला न्यायचं सामान असतं, आणि मागच्या खेपेचं अजून काढायचं राहिलेलं असतं. शिवाय "वापरात नसलेल्या खोल्यांना ऊब कशाला?" या काटकसरीनं निम्म्या खोल्यांच्या जाळ्या बंद केलेल्या असतात. वाचवायला गेलेल्या उबेचा जाब मग लेखापरीक्षक विचारतो.

तिसरा किस्सा संशयी काडीचा. चौतीस नंबर, आणि तेच चार वेळा झालं की चौदा, म्हणजे कचेरीला कुलूप. बर्नर पेटतो, तीन-चार सेकंद सुरेख निळा जाळ, आणि विझतो. पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो. गॅसचा मुख्य कॉक कोणी बंद केलेला नाही हे आधी बघावं. तो ठीक असेल तर बहुतेक वेळा काडीवर पांढरट थर बसलेला असतो. ज्योत आहे, पण काडीला ती जाणवत नाही. उपाय साधा आहे. वीज आणि गॅस बंद करून एक स्क्रू काढायचा, काडी बाहेर घ्यायची आणि बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं पुसून परत लावायची. भांडी घासायच्या जाड तारेच्या घासणीनं दिवाळीची परात उजळायच्या आवेशात नव्हे. शेजारीच इग्नायटर असतो. जुना सिलिकॉन कार्बाइडचा असेल तर तो इतका नाजूक की बोटाचा धक्काही त्याला पुरतो, आणि हाताचं तेल लागलेलंही सोसत नाही. काडी साफ करायला गेलेल्या माणसानं इग्नायटर मोडून आणणं ही न्यू जर्सीपासून मिनेसोटापर्यंत जपली गेलेली परंपरा आहे.

हे सगळं झालं दिवा लुकलुकत असला तर. दिवाच लागलेला नसला तर साहेबांच्या कचेरीत वीजच नाही. इथे भारतातून आलेल्या आबांचा प्रवेश होतो. अमेरिकेतल्या अनेक घरांत, बेसमेंटच्या जिन्यापाशी किंवा फर्नेसजवळ, त्याला बंद करायचा एक स्विच असतो. कुठे त्याला लाल पट्टी असते, कुठे तीही नसते, आणि तो दिव्याच्या बटणाहून जराही वेगळा दिसत नाही. आबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. घरात शिरल्यापासून चालू बटणं शोधून बंद करणं हा त्यांचा धर्म. "कोणीच नाही तिथे दिवा कशाला?" असं पुटपुटत ते ते बटण बंद करतात आणि कर्तव्यपूर्तीनं झोपायला जातात. सकाळी घर गार. मुलगा बेसमेंटमध्ये, सून थर्मोस्टॅटसमोर, आणि आबा सोफ्यावर गोधडी घेऊन म्हणतात, "तुमच्या अमेरिकेत वस्तू टिकाऊ नाहीत." म्हणून दिवा बंद दिसला की क्रम असा : ते बटण, मग पॅनेलमधला ब्रेकर, मग फर्नेसचं दार नीट बसलंय का, मग बोर्डावरचा छोटा फ्यूज. तो गाडीतल्या फ्यूजच्या जातीचा, तीन अँपिअरचा जांभळा किंवा पाचचा बदामी. आणि या सगळ्याच्या आधी वर जाऊन थर्मोस्टॅटचे सेल. अर्जदाराच्या पेनातली शाई संपली असेल तर कचेरीला बोल लावण्यात अर्थ नाही.

अर्जात काय लिहायचं यावरही घरात एकमत नसतं. त्याला ६६ हवं, तिला ७२, आजींना "तो पंखा बंद करा आधी". कोणीतरी थेट ८० करतं, लवकर तापावं म्हणून. साध्या फर्नेसला एकच वेग असतो. अर्जावर ठळक अक्षरांत 'तातडीचे' लिहिल्यानं तो लवकर तापवत नाही, फक्त उशिरापर्यंत तापवत राहतो. न्यू जर्सीत एडिसनला राहणारे आपले लोक एका शोधकाचं नाव रोज पत्त्यात लिहितात. पण त्याच राज्यातल्या मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंना २३ डिसेंबर १९१९ रोजी गॅसवर घर तापवायच्या यंत्रणेचं पेटंट मिळालं, हे फार जणांना ठाऊक नसतं. त्यांच्या आराखड्यात घराच्या वेगवेगळ्या भागांची ऊब वेगवेगळी आवरता येणार होती. एका छपराखालच्या माणसांना एकच तापमान मानवत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

हा वाद एकदा वरून मिटवला गेला होता. ३० जानेवारी २०१९ रोजी ध्रुवीय वारे खाली उतरले, शिकागोत पारा उणे तेवीस फॅरनहाइटला, म्हणजे उणे एकतीस सेल्सिअसच्या जवळ गेला. त्याच दिवशी मिशिगनमध्ये गॅस पुरवणाऱ्या एका कॉम्प्रेसर केंद्राला आग लागली, आणि रात्री लोकांच्या फोनवर तातडीचा संदेश वाजला : थर्मोस्टॅट ६५ किंवा त्याखाली आणा. डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी घरांत त्या रात्री ज्यांना ७२ हवं असतं त्यांचा सरकारी शिक्क्यानिशी पराभव झाला. जिंकलेल्यांनी तो संदेश अजून जपून ठेवला असेल.

कोड कळला, टेबल कळलं, तरी रात्री सल्ला हवा असतो. तो व्हॉट्सॲप गटावर तत्काळ मिळतो. एक जण म्हणतो कपॅसिटर. हा गृहस्थ टोस्टर बिघडला तरी कपॅसिटरच म्हणतो. दुसरा म्हणतो, नवाच घे, आमच्याकडे मागच्या वर्षी घेतला. तिसरा आयआयटीचा, तो उष्मागतिकीचा दुसरा नियम पाठवतो. चौथा सॉफ्टवेअरमधला, तो म्हणतो : बंद करून चालू कर. आणि संतापाची गोष्ट अशी की याचंच बऱ्याचदा खरं ठरतं. काही वेळा जाळ लागला नाही की साहेब तास-तीन तास कचेरीला कुलूप लावतात. वीज घालवून परत दिली की कुलूप निघतं आणि फर्नेस सुरू होतो. चौथा अंगठ्यांची रास गोळा करतो. पण अडायचं कारण तिथेच असतं. कुलूप पुन्हा पुन्हा तोडून काम उरकत राहिलं तर एका रात्री कुलूपही उघडत नाही, आणि ती रात्र हमखास शनिवारची असते.

थोडं विनोद बाजूला ठेवून बोलायचं ते इथे. गॅसचा वास आला तर कोड मोजत बसू नये, कुठलंही बटण दाबू नये, दिवा लावूही नये आणि मालवूही नये. सगळ्यांनी बाहेर पडावं आणि फोन बाहेरून करावा. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. तो मुद्दाम घातलेला असतो, तो आपल्याला पळता यावं म्हणूनच. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नसतो आणि रंगही. त्याचा गजर वाजला तर तो फोडणीमुळे वाजलाय असं समजायचं नाही. फोडणीनं वाजतो तो धुराचा गजर. बर्नरच्या ज्योती भलतीकडे उसळल्या तर रोलआउट स्विच सुटतो. तो हातानं दाबून पूर्ववत होतो, पण तो दाबायचं काम टेक्निशियनचं. कुठल्याही स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून त्याची सही खोटी करायची नाही, मग यूट्यूबवरचा टोपीवाला काहीही म्हणो. आणि फर्नेस बंद आहे म्हणून ओव्हन उघडा टाकून किंवा कोळशाची शेगडी घरात आणून ऊब करायची नाही. या कचेरीतले सगळे खडूस कारकून आपला जीव वाचवायला बसवलेले आहेत. त्यांची अडवणूक ही त्यांची नोकरी आहे, आणि लाच चालत नाही अशी ही पृथ्वीवरची बहुधा एकमेव कचेरी आहे.

अखेर टेक्निशियनला बोलावलं जातं. तो येतो, दारात चपलांचा ढीग बघून बुटांवर निळ्या पिशव्या चढवतो, आणि आजींच्या नजरेत पास होतो. "एवढ्या थंडीत आलाय बिचारा, चहा घेतोस का विचार." तो नको म्हणतो. आजी तो नम्रपणा समजतात आणि आधण ठेवतात. तो एकच प्रश्न विचारतो : दिवा कितीदा लुकलुकत होता? इथे मुलीचा व्हिडिओ पुढे येतो आणि तिच्या आईबापांची त्या महिन्यातली पहिली वाहवा होते. तो बाहेरची नळी बघतो, निचऱ्याची नळी झटकतो, फिल्टर काढून उजेडात धरतो आणि काहीच बोलत नाही. त्या न बोलण्याचे पैसे वेगळे लावत नाहीत. मग दार बसवतो. इंड्यूसर गुरगुरतो, इग्नायटर तापतो, जाळ लागतो, काडी मानते, मोठा पंखा सुरू होतो आणि वरच्या जाळीतून गरम वारा येतो. आलं घातलेला चहा तोवर खाली आलेला असतो, आणि तो घेतल्याशिवाय बिलावर सही होणार नाही अशी आजींची मुद्रा असते. तो पितो. दुसऱ्यांदा मागून पितो.

आबा एव्हाना गोधडीसकट खाली आलेले असतात. त्यांनी काचेतून आत बघितलेलं असतं. ते मुलाला बाजूला घेऊन दबक्या आवाजात सांगतात, "पैसे देऊ नकोस एवढ्यात. दिवा अजून लुकलुकतोय."

मुलगा सांगतो की या कंपनीत सावकाश लुकलुकणं म्हणजे सगळं ठीक. आबा खुर्ची ओढून फर्नेससमोर बसतात. चाळीस वर्षं खात्यात काढलेला माणूस. सगळं ठीक चाललंय असं साहेब स्वतःहून, कोणी न विचारता, दिवसभर सांगत राहतात म्हणजे नक्की काय लपवताहेत, हे शोधून काढल्याशिवाय ते जेवायला वर येणार नाहीत.